पांढरे सोने
(साक्षरता वर्गापुढे केलेले भाषण)



मी सोनार नाही. मी शाळामास्तर. जुनी अकरावी झालो, मास्तर झालो, हेडमास्तर होऊन निवृत्त झालो. सोन्याविषयी बोलण्याचा माझा अधिकार एवढाच, की सोन्याच्या बाबतीत मी एकदा चांगला फसलो आहे. पुढच्यास ठेच, मागचा शहाणा, असे आपण म्हणतो. तर ठेच मला लागली आहे. शहाणे तुम्ही व्हा.

पांढरे सोने म्हटले की विदर्भातला आणि खानदेशातला शेतकरी म्हणेल, "म्हणजे आमचा कापूस." खरेच आहे. तिकडे कापसाला पांढरे सोने म्हणतात. आपण ठाणे जिल्ह्याचे भातवाले. आपल्याकडे कापूस नाही. मी आज ज्या पांढऱ्या सोन्याविषयी बोलणार आहे, ते शेतात पिकत नाही. ते खरोखरचे सोने आहे, फक्त रंगाने पांढरे. ठाण्यात, कल्याणात, डोंबिवलीत सोन्याच्या दुकानांतून आता ते सर्रास दिसते. साखरपुड्याच्या अंगठ्या, हिऱ्याची चमकी, कानांतल्या कुड्या असे पुष्कळ डाग त्याचे होतात.

अंगठीची गोष्ट

माझा धाकटा भाऊ अंधेरीला दागिन्यांच्या एका कारखान्यात कामाला होता. शाळेत असताना तो आमच्याच घरी राहिला. वहिनीच्या हातचे खाऊन मोठा झाला. १९९९ साली त्याला बोनस मिळाला. त्यातून त्याने मुंबईतल्या एका दुकानातून वहिनीसाठी अंगठी आणली. वजन चार ग्रॅम. रंग पांढराशुभ्र. तो म्हणाला, "वहिनी, पांढरं सोनं आहे. जपून वापर."

आम्ही हसलो. पांढरे सोने म्हणजे चांदीच की! चांदीला हा कौतुकाने सोने म्हणतो, असे आम्हाला वाटले. आमच्या घरात तिचे नावच पडले, चांदीची अंगठी.

पाच-सहा वर्षे गेली. अंगठी रोज बोटात. भांडी घासणे, धुणे, शेण-माती, सगळे चालू. हळूहळू खालच्या बाजूने ती पिवळसर दिसू लागली. मी मनात म्हटले, "घ्या! चांदीचे पाणी उडाले. आत पितळ निघाले. भावाला कोणीतरी फसवले." त्याला वाईट वाटेल म्हणून बोललो नाही.

पुढे २६ जुलै २००५ चा पाऊस आला. तुमच्यातले मोठे कोणी तो विसरलेले नाहीत. उल्हास नदीचे पाणी घराघरांत शिरले. आमच्या घराची मागची भिंत बसली. पैशांची ओढ होती. घरातली जुनी मोड गोळा केली. तुटकी जोडवी, पैंजण, एक करंडा. त्यात ती अंगठीही टाकली. एका दुकानात गेलो. दुकानदाराने भिंग लावून अंगठी पाहिली. म्हणाला, "मास्तर, ही मिसळ धातूची आहे. मोडीत घेतो." तिचे त्याने पन्नास रुपये दिले. त्याच्या मनात काय होते, ते त्याच्यापाशी.

दिवाळीला भाऊ आला. वहिनीचे बोट रिकामे. त्याने विचारले. आम्ही सांगितले. त्याचा चेहराच उतरला. तो म्हणाला, "दादा, आतल्या बाजूला आकडा होता. वाचला नाहीस?"

आकडा होता. बारीक अक्षरात ७५० असा. मी तो कितीदा पाहिला होता. कारखान्याचा नंबर असेल, असे समजून सोडून दिला होता. त्या वेळी सोन्याचा भाव दहा ग्रॅमला सात हजार रुपयांच्या आसपास होता. अंगठीत तीन ग्रॅम शुद्ध सोने होते. म्हणजे दोन हजार रुपयांचे सोने मी पन्नास रुपयांना देऊन आलो होतो.

आमची सौभाग्यवती भांडली नाही. एवढेच म्हणाली, "मला वाचता येत नव्हतं. तुम्ही तर मास्तर!"

मंडळी, हे वाक्य मला वीस वर्षे पुरले आहे.

हिशेब सोळा आण्यांचा

त्या रात्री भावाने मला कागद-पेन्सिल घेऊन सारे समजावले. तेच मी तुम्हाला सांगतो.

निव्वळ शुद्ध सोने फार मऊ असते. त्याची अंगठी केली तर ती वाकते, झिजते. म्हणून सोन्यात दुसरा धातू मिसळावा लागतो. ही भेसळ नव्हे. पिठात मीठ घालतो तशी ही गरज आहे. किती मिसळले ते न सांगता मिसळले, की मग ती भेसळ.

सोन्याचे माप कॅरटमध्ये करतात. शुद्ध सोने चोवीस कॅरट. अठरा कॅरट म्हणजे चोवीस भागांत अठरा भाग सोने आणि सहा भाग दुसरे धातू. जुन्या माणसांना आण्यांचा हिशेब सोपा जाईल. शुद्ध सोने सोळा आणे धरा. अठरा कॅरट म्हणजे बारा आणे सोने, चार आणे दुसरे धातू.

आता हाच हिशेब हजारात करतात. हजार भागांत सोने किती, तो आकडा दागिन्यावर ठोकतात.

२२ कॅरट म्हणजे ९१६.
१८ कॅरट म्हणजे ७५०.
१४ कॅरट म्हणजे ५८५.

आमच्या अंगठीवर ७५० होते. हजारात साडेसातशे. चार ग्रॅमच्या चार भागांतले तीन भाग. म्हणून तीन ग्रॅम सोने. चौथीच्या मुलाला येईल असे हे गणित आहे.

चौदा कॅरटची एक आठवण घरातली वडीलधारी माणसे सांगतात. १९६३ सालच्या जानेवारीत सरकारने सोन्यावर नियंत्रण आणले. मोरारजी देसाई तेव्हा अर्थमंत्री होते. चौदा कॅरटपेक्षा अधिक कसाचे नवे दागिने घडवायचे नाहीत, असा नियम झाला. लोकांना ते सोने रुचले नाही. गावोगावच्या सोनारांची शेगडी थंड पडली. पुष्कळांनी दुसरे धंदे धरले. पुढे चौदा कॅरटची अट उठली. १९६८ साली सोने नियंत्रणाचा कायदा झाला आणि १९९० साली तोही रद्द झाला. सोन्यात काय मिसळायचे, हा प्रश्न असा घराघरांतल्या पोटापर्यंत जाऊन पोचतो.

सोने पांढरे कसे होते?

सोन्यात तांबे अधिक घातले, की सोने लालसर होते. चांदी घातली, की फिकट होते. पण निकेल किंवा पॅलेडियम हे धातू घातले, की सोन्याचा पिवळेपणाच मारला जातो. सोने पांढरट दिसू लागते. हेच पांढरे सोने.

निकेल तुमच्या ओळखीचे आहे. आपल्या जुन्या रुपयाच्या नाण्यांत निकेल असे. स्टीलच्या बऱ्याच भांड्यांतही ते असते. निकेलचे पांढरे सोने करताना पाऊण भाग सोने घेतात. उरलेल्या पाव भागात निकेल, तांबे आणि जस्त असते. निकेल रंग पांढरा करते आणि डाग टणक करते. पण निकेल फार झाले, की धातू कडक होतो, ठोकताना तडकतो. म्हणून थोडे तांबे घालून तो घडवण्याजोगा करतात.

पॅलेडियम हा महागडा धातू. तो मुख्यतः रशिया आणि दक्षिण आफ्रिका या देशांतून येतो. मोटारींचा धूर स्वच्छ करायलाही तो वापरतात, म्हणून त्याला मागणी फार. काही वर्षे तर त्याचा भाव सोन्याच्याही वर गेला होता. पॅलेडियमचे पांढरे सोने मऊसर, घडवायला सोपे आणि किंचित राखी रंगाचे असते. त्यात बहुधा चांदीही असते.

या सोन्याची गरज का पडली? पूर्वी युरोप-अमेरिकेत श्रीमंत लोक हिरे प्लॅटिनममध्ये बसवीत. प्लॅटिनम हा वेगळा धातू, जात्याच पांढरा. १९१४ ते १९१८ या काळात पहिले महायुद्ध झाले. दारूगोळ्याच्या कामासाठी प्लॅटिनम हवे झाले. सराफांना ते मिळेना. तेव्हा त्यांनी सोन्यालाच पांढरे करण्याची युक्ती पुढे आणली. म्हणजे पांढरे सोने प्लॅटिनमच्या जागेवर आलेले आहे. दिसायला दोन्ही सारखी, पण दोन्ही एक नव्हेत.

दागिन्याची कल्हई

आता तुम्ही विचाराल, मास्तर, अंगठी पिवळी का पडली?

तिथेच मी फसलो. निकेल घाला, पॅलेडियम घाला, सोन्याची पिवळी छटा थोडी उरतेच. ग्राहकाला तर आरशासारखे पांढरे हवे. म्हणून वरून ऱ्होडियम नावाच्या धातूचा मुलामा देतात. दागिना पाण्यासारख्या द्रावणात बुडवतात, त्यातून वीज सोडतात, आणि ऱ्होडियमचा थर चढतो. हा थर केसाच्या शंभराव्या हिश्शाइतका किंवा त्याहूनही पातळ असतो.

आपल्या पितळेच्या पातेल्याला कल्हई करतात, तसेच हे. कल्हई उडाली, की पितळ दिसते. ऱ्होडियम झिजले, की आतले पिवळसर अंग दिसते. पण पातेल्यात आत पितळ असते आणि इथे आत सोने असते. मी पिवळेपणा पाहिला आणि पितळ समजलो. वास्तविक तो पिवळेपणा सोन्याचा होता!

अशा वेळी दागिना टाकायचा नसतो. त्याला पुन्हा मुलामा द्यायचा. रोज वापरातल्या अंगठीला दर एक-दोन वर्षांनी तो द्यावा लागतो. त्याचे पैसे पडतात. घेतानाच हे ध्यानात ठेवावे.

उपयोग कोणते?

पहिला उपयोग हिरा बसवण्याचा. हिरा काचेसारखा पारदर्शक. पिवळ्या सोन्याच्या घरात तो बसवला, तर आत पिवळी झाक दिसते. पांढऱ्या घरात तो पाण्यासारखा स्वच्छ दिसतो. शिवाय हिऱ्याला धरणारी नखे टणक हवीत. बावीस कॅरटची नखे वाकतात आणि हिरा पडतो. अठरा कॅरटच्या पांढऱ्या सोन्याची नखे घट्ट धरतात.

दुसरा उपयोग दातांचा. दातावर बसवायच्या टोप्यांसाठी सोने आणि पॅलेडियम यांचे पांढरट मिश्रण वापरतात. तोंडातल्या लाळेने ते गंजत नाही.

हे काम आपल्यापासून लांब नाही. अंधेरीला सीप्झ नावाची निर्यातीची मोठी वसाहत आहे. ती १९७३ साली सुरू झाली. पुढे तिथे हिरे जडवलेल्या दागिन्यांचे कारखाने आले. तिथला माल परदेशी जातो. कल्याण-डोंबिवलीकडून घाटकोपरला उतरून मेट्रोने अंधेरीकडे कामाला जाणारी पोरे आपल्या ओळखीत असतील. त्यांच्यात कोणी मेण ओततो, कोणी घासकाम करतो, कोणी हिरे बसवतो.

आणि सोन्याचे काम आपल्या मुलखात काही आजचे नाही. कान्हेरीच्या लेण्यांत एक शिलालेख आहे. कल्याणच्या एका सोनाराने तिथे पाण्याचे टाके खोदवून दान दिले, असे त्यात कोरले आहे. दीड हजारांहून जास्त वर्षे झाली. सोनार गेला, सोने गेले. पण लिहिलेले उरले, म्हणून आपल्याला कळले.

निकेल सर्वांना सोसत नाही

आपल्या वर्गातल्या एका मावशींनी मला विचारले होते, "खोट्या कुड्या घातल्या की कान चिघळतात, ते का?" त्याचे एक कारण निकेल. काही माणसांच्या कातडीला निकेल सोसत नाही. खाज येते, पुरळ उठते, पाणी सुटते. निकेलच्या पांढऱ्या सोन्यानेही काहींना असा त्रास होतो. मुलामा शाबूत असेपर्यंत काही होत नाही. मुलामा झिजला, की खाज सुरू होते. युरोपातल्या देशांनी १९९४ साली दागिन्यांतल्या निकेलवर निर्बंध घातले, ते याचसाठी.

म्हणून पोरीचे कान किंवा नाक नुकतेच टोचले असेल, तर निकेलचा डाग घालू नये. दुकानदाराला सरळ विचारावे, "यात निकेल आहे की पॅलेडियम?" दागिन्यावरचा ७५० हा आकडा फक्त सोने किती ते सांगतो. उरलेले काय, ते सांगत नाही. ते आपणच विचारायचे.

कसोटी आणि शिक्का

जुना सोनार कसोटीच्या काळ्या दगडावर सोने घासायचा. रेघेचा पिवळा रंग पाहून तो कस सांगायचा. त्याची नजर तयार असे. पण पांढऱ्या सोन्यापुढे ही नजर लुळी पडते. रेघ पांढरी; चांदीचीही पांढरी, प्लॅटिनमचीही पांढरी. तेजाब लावले तर चांदीची रेघ विरघळते, अठरा कॅरट सोन्याची राहते. पण प्लॅटिनमचीही राहते. मग रंगावरून ओळखणार कसे? म्हणून या सोन्याला शिक्का वाचण्याची गरज सर्वांत जास्त.

सरकारची भारतीय मानक ब्यूरो नावाची संस्था आहे. तिने २००० साली सोन्याच्या दागिन्यांवर हॉलमार्कचा शिक्का सुरू केला. जून २०२१ पासून देशातल्या २५६ जिल्ह्यांत तो सक्तीचा झाला. आपला ठाणे जिल्हा त्यात आहे. शिक्क्यात तीन गोष्टी असतात.

एक, ब्यूरोचे त्रिकोणी चिन्ह.
दोन, कॅरट आणि हजारातला आकडा.
तीन, सहा अक्षरांचा आणि अंकांचा एक क्रमांक. हा प्रत्येक डागाचा वेगळा.

१ एप्रिल २०२३ पासून हा सहा खुणांचा क्रमांक नसेल, तर हॉलमार्कचा दागिना दुकानदाराला विकता येत नाही. ब्यूरोचे 'बीआयएस केअर' नावाचे मोबाईलवरचे ॲप आहे. त्यात हा क्रमांक घातला, की डाग कसला, किती कॅरटचा, कुठे तपासला, ते दिसते. घरातल्या पोराला सांगा, तो काढून देईल. पण आकडा तुम्ही स्वतः वाचा.

दोन ग्रॅमपेक्षा कमी वजनाच्या डागाला ही सक्ती नाही. वर्षाची उलाढाल चाळीस लाखांपर्यंत असलेल्या लहान दुकानदारालाही नाही. म्हणून बारीक चमकीवर शिक्का नसला, तर तेवढ्यावरून दुकानदाराला चोर म्हणू नका. पण पावतीवर कॅरट लिहून घ्या.

शिक्क्यात सांगितले त्याहून सोने कमी निघाले, तर कायद्याने भरपाई मिळते. जेवढे कमी, त्याच्या किमतीची दुप्पट, आणि तपासणीची फी वेगळी. पण त्यासाठी हातात पावती हवी. पावती नाही, तर तक्रार कसली?

घेताना आणि मोडताना

घेताना पावतीवर चार गोष्टी लिहून घ्या. सोन्याचे वजन वेगळे, खड्यांचे वजन वेगळे. कॅरट किती. मजुरी किती. मोडायला आणला, तर कोणत्या हिशेबाने परत घेणार.

आणि एक स्पष्ट सांगतो. अडीअडचणीसाठी सोने साठवायचे असेल, तर पांढरे सोने त्या कामाचे नाही. त्यात सोने बारा आणेच. मजुरी जास्त. मुलाम्याचा खर्च वेगळा. पॅलेडियमचे पैसे घेताना मोजावे लागतात, पण मोडताना ते परत मिळतीलच असे नाही. आपल्या गावांत जमिनीचे पैसे आले, की लोक सोन्याकडे धाव घेतात. त्यांनी हे जरूर ऐकावे. हौस म्हणून घ्यायचे तर खुशाल घ्या. सून हौशी असेल, तिला आवडत असेल, तर तिला नावे ठेवू नका. पण हौस आणि साठवण यांची गल्लत करू नका.

मोडताना तर दुप्पट सावध. पांढरा दिसतो म्हणून डाग चांदीचा धरू नका. पिवळा पडला म्हणून पितळेचा धरू नका. आधी भिंग घ्या. आतली बाजू पाहा. आकडे इंग्रजी असतात, पण घाबरू नका. नोटेवर, मोबाईलवर तुम्ही ते रोज पाहता. सात, पाच, शून्य. एवढे वाचता आले, की पुरे. आकडा दिसला, तर एका दुकानात विकू नका. दोन ठिकाणी विचारा.

शेवटचे दोन शब्द

भगिनींनो, आमच्या सौभाग्यवतीने पुढे काय केले, ते सांगतो. ती वयाच्या पन्नाशीत अशाच एका वर्गाला बसली. मुळाक्षरे शिकली, अंक शिकली. मी घरचा मास्तर. पण माझ्याकडे ती शिकायला आली नाही. वर्गातच गेली. आता घरात कुठलाही डाग आला, पावती आली, विजेचे बिल आले, की आधी ती वाचते. मग माझ्यासमोर धरते आणि म्हणते, "वाचा मास्तर, नीट वाचा."

भावाने पुन्हा अंगठी देऊ केली. तिने घेतली नाही. म्हणाली, "ती एकच होती."

मंडळी, मला वाचता येत होते, पण मी वाचले नाही. तुम्ही आता वाचायला शिकला आहात. तुमच्या पेटीत, तुमच्या बोटात, तुमच्या गळ्यात काही लिहिलेले असेल, तर आज घरी गेल्यावर ते वाचा. डाग इथे वर्गात आणू नका, घरीच वाचा. जो आकडा दिसेल, तो पाटीवर लिहून आणा. उद्या आपण मिळून त्याचा हिशेब करू.



प्रश्न

१. मास्तरांनी अंगठी पितळेची का समजली?
२. ७५० या आकड्याचा अर्थ काय?
३. आठ ग्रॅमच्या दागिन्यावर ७५० लिहिले आहे. त्यात शुद्ध सोने किती?
४. पांढऱ्या सोन्याला पुन्हा मुलामा का द्यावा लागतो?
५. पावतीवर कोणत्या चार गोष्टी लिहून घ्याव्यात?